कळसाखालची खूण

येसाजीने खाडीतल्या काळ्या चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि कातळावरच्या चुन्याच्या पट्ट्यावर थापला. चिखल पांढऱ्यावरून थोडा घसरला, मग चिकटला. तो त्याने तळव्याने सारवल्यासारखा पसरवला आणि मागे न बघताच हात पुढे केला. कोकिळेने घमेल्यातला दुसरा गोळा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"सगला झाकायचा?" तिने विचारलं.

"सगला. जरा जरी पांढरा ऱ्हायला तरी समुद्रातनं दोन निशान्या दिसतील. मंग कुनाला धरायचा?"

त्या पट्ट्याला कोळीवाड्यातलं कुणी हात लावत नसे. नारळी पुनवेच्या आधी शिंपल्यांच्या चुन्याचा एक हात त्यावर फिरायचा आणि तो येसाजीच्या घरच्या माणसाने फिरवायचा, अशी रीत होती. कारण ही खूण त्याच्या पणजाने घातलेली. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक आहेत. उत्तरेला थोरली कासवी, दक्षिणेला धाकटी. पाणी बारा महिने गढूळ, त्यामुळे कासव्या डोळ्यांना म्हणून दिसत नाहीत; त्यांची भेट होते ती मचव्याच्या बुडाशी. जाताना मचवा रिकामा असतो आणि भरतीचं पाणी भरपूर, म्हणून भय नसतं. येताना मात्र मचवा मासळीने जड झालेला असतो आणि पाणी अर्धंच चढलेलं. तेव्हा टेकडीवरच्या देवळाचा कळस आणि त्याच्या बरोबर खाली किनाऱ्यावरच्या कातळावरचा हा पांढरा पट्टा, अशी ओळ धरायची आणि नाकासमोर आत यायचं. पणजा, आजा, बाप सगळे असेच आले.

रघू आला नाही. दिवाळीच्या तोंडावर येसाजीचा मचवा थोरल्या कासवीवर आदळला. सुकाणूवर स्वतः येसाजी होता आणि त्याचा धाकटा भाऊ रघू पुढे नाळेवर उभा होता. तो फेकला गेला तो पाण्यातून वर आलाच नाही; त्याचं प्रेत नागावच्या किनाऱ्याला लागलं. येसाजीला कोळीवाड्यात कुणी एका शब्दाने बोललं नाही आणि तेच त्याला जास्त लागलं. मचवा वाळूवर ओढून ठेवून तो दिवसदिवस त्याच्या सावलीत बसून राही. कुणी जवळ जाऊन बसलं की तो एवढंच म्हणे, "मी निशानी कलसाखालीच धरली व्हती." समोरचा माणूस मान डोलवी आणि दुसरीकडे पाहू लागे.

मग शिमग्याच्या आधी दिनानाथ मास्तरांनी भाकरी मोडली.

मास्तर चौलच्या शाळेत शिकवत आणि बाजाराच्या दिवशी कोळीवाड्यात येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवत. बिहारात पौषात झालेल्या भूकंपाच्या बातम्या अजून येतच होत्या. घरं पडली, विहिरींतून वाळू उसळली, जमीन उभी चिरली, हे ऐकताना बायकांनी पोरांना जवळ ओढलं. कुणीतरी विचारलं, भुई हलते तरी कशी? मास्तरांनी एक भाकरी मागवली, तिचे दोन तुकडे केले आणि ते सुपात ठेवून हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवले. एका जर्मन विद्वानाचा असा तर्क आहे, ते म्हणाले, की पृथ्वीवरची सगळी जमीन पूर्वी एकसंध होती. ती तुटली. आपला देश आफ्रिकेच्या कुशीतून सुटून उत्तरेला सरकत गेला आणि अजून सरकतोय. हिमालय म्हणजे त्या रेट्याने पडलेली घडी.

"वर्साला किती सरकतो?" इतका वेळ मागे बसलेला येसाजी उठून उभा राहिला होता.

"ते नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी बोटभर म्हणेल, कुणी हातभर. पुष्कळ शास्त्रज्ञ तर हे मानतच नाहीत."

"त्या जर्मनालाच इचारायचा मंग."

"तो आता नाही. बर्फाच्या मुलखात शोध घ्यायला गेला होता, तिकडेच गेला."

भुई सरकते असं म्हणणाऱ्या माणसाला भुईनेच घेतलं, असा अर्थ बायकांनी काढला. त्या संध्याकाळी चूल सारवताना कोकिळेचा हात जमिनीवर थांबून राहिला. तिला खरोखर वाटलं की खाली काहीतरी सरकतंय. पाण्याचं भय तिला जन्मापासून ठाऊक होतं आणि ते उंबऱ्याबाहेर ठेवायलाही ती शिकली होती. हे भय घरातच, मडक्यांच्या खाली येऊन बसलं होतं. ती सबंध संध्याकाळ अवघडून वावरली.

येसाजीला मात्र बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसं झालं. भुई उत्तरेला सरकते. खूण भुईवर आहे, तेव्हा तीही पणजाच्या काळापासून सरकत उत्तरेला गेली असणार. सरकलेली खूण धरून मचवा आणला म्हणून तो उत्तरेच्या कासवीवर गेला. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

"आनि कलस?" कोकिळेने विचारलं होतं. "तो न्हाय सरकला?"

"देवीची टेकडी ती. देवी काय जाग्यावरनं हालल?"

हे त्याने कोळीवाड्यातही सगळ्यांना सांगितलं. देवी हलते असं कोण म्हणणार? उलट जाणत्यांनी माना डोलावल्या, कारण त्यांनाही इतके महिने येसाजीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. त्याने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ती चिखल पुरवत होती तीही त्या मागितलेल्या भातासाठीच. तिला भीती वाटत होती, पण कशाची ते नेमकं सांगता आलं नसतं.

जुना पट्टा काळा झाल्यावर येसाजीने मचवाभर अंतर दक्षिणेला मोजलं आणि त्याच कातळावर नवा पट्टा चुन्याने ओढला. केवड्याच्या मुळाचा कुंचा तो इतक्या जोरात फिरवत होता की शिंतोडे त्याच्या दाढीवर उडत होते. गोदू, रघूची बायको, मासळीची पाटी कमरेवर घेऊन वाळूवर येऊन उभी राहिली. ती नव्या पट्ट्याकडे बघत होती.

"भावजी, जेवान झाकून ठेवलाय," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी भरतीला येसाजीचा मचवा पुन्हा पाण्यात उतरला. त्याच्या मागे कोळीवाड्यातली बाकीची गलबतं निघाली. नवी खूण सगळ्यांनी किनाऱ्यावरून नीट बघून घेतली होती आणि परतताना येसाजीच्याच मागे यायचं, असं ठरलं होतं.

ऊन कललं तशी कोकिळेने चटईवर वाळत घातलेली मांदेली मांडवाच्या सावलीत आली. चटई एका टोकाने धरून ती उन्हाकडे ओढू लागली. चटईवर मांदेली ओळीने मांडलेली होती, कडेला थोडी मोठी, मध्ये बारीक. चटई मांडवाच्या खांबापासून पार कुंपणापर्यंत आली, आणि कोकिळा हातातलं टोक तसंच धरून थांबली. मांदेली एकमेकांपासून तसूभरही हलली नव्हती. कडेची कडेला, मधली मध्ये. तिने चटई पुन्हा एकदा ओढली आणि पुन्हा बघितलं.

भुई अशी सरकत असेल तर तिच्यावरचं सगळंच बरोबर येणार. टेकडी येणार, कातळ येणार. मग कासव्या मागे राहतील त्या कशाने? त्या काय समुद्राच्या माहेरच्या? आणि सगळंच बरोबर सरकलं असेल, तर पणजाने घातलेली खूण आजही होती तिथेच होती, बरोबर वाटेसमोर. चुकलेली खूण ती काल ओढलेली. तिच्या रोखाने येणारा मचवा थोरली कासवी टाळून सरळ धाकटीवर जाणार होता, आणि त्याच्या मागून बाकीची सगळी गलबतं.

चटई तिथेच टाकून ती माडांच्या वाडीतून चौलच्या वाटेला लागली.

शाळा सुटत होती. मास्तर फळा पुसत होते.

"मास्तर, कासव्या पन सरकतात काय हो?"

मास्तरांना आधी प्रश्न कळला नाही. तिने श्वास घेत घेत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत सगळं सांगितलं. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कोकिळाबाई, अख्खा देश एकत्र सरकतो. देऊळ, टेकडी, तुमचं घर, ही शाळा. आणि कासव्या म्हणजे त्या टेकडीचंच पाण्यात गेलेलं टोक. त्या वेगळ्या जातीलच कशा?" त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. "खूण हलवली? खूण हलवा असं मी कुठे म्हटलं होतं?"

"तुमी न्हाय म्हटला. पन हलवली."

"माणसं कुठे आहेत?"

"समुद्रात."

मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली, पण चप्पल घालायचं त्यांना सुचलं नाही. "मी बंदरावर बघतो, एखादी होडी मिळाली तर सामोरा जातो. तुम्ही ती खूण पुसा. आधी पुसा, काय बोलायचं ते मग बोलू."

बंदरावर होडी नसणार, हे कोकिळेला ठाऊक होतं. ज्याच्याकडे होडी होती तो प्रत्येकजण बाहेर गेला होता. ती परत धावत सुटली. वाडीतल्या वाटेवर तिच्या पायात काटा गेला, तरी ती थांबली नाही. धावताना तिला नवऱ्याचं काल रात्रीचं तोंड दिसत होतं. खूण जुन्या जागी गेली की ते तोंड परत पहिल्यासारखं होणार, हेही तिला कळत होतं. भुई सरकली नाही असं सांगायचं, म्हणजे रघूला तूच घालवलास असं सांगायचं. न सांगावं, तर उद्या तो परत खूण हलवणार. पण उद्याचा विचार करायलासुद्धा आज माणूस जिवंत घरी यायला हवा होता.

घरी घमेलं जागेवर नव्हतं. चुन्याचं मडकंही नव्हतं. ती तशीच किनाऱ्यावर आली.

कातळापाशी गोदू गुडघाभर पाण्यात उभी होती. पदर कमरेला खोचून ती नारळाच्या सोडणाने जुन्या पट्ट्यावरचा वाळलेला चिखल घासत होती. मडकं आणि घमेलं तिच्यामागे कातळावर ठेवलेलं होतं.

"तुला कोनी सांगितला?" कोकिळेने विचारलं.

"कोनी न्हाय." गोदूचा हात चालूच होता. "बाय, मी त्या दिशी हितंच उभी व्हती. मचवा वाट सोडून येत व्हता. निशानी कुठं सरकली न्हाय का भुई कुठं सरकली न्हाय."

"मंग बोलली का न्हायस? काल तरी बोलायचा."

"काय बोलू? मी तोंड उघडला का त्यांच्याकडं बोट दाखवल्यासारका झाला. गुपचूप साफ करीन म्हटला. पन ह्यो चिखल सुटतच न्हाय."

कोकिळेने समुद्राकडे बघितलं. सूर्य खाली आला होता आणि शिडं दिसू लागली होती. सगळ्यांत पुढचं, ठिगळाचं शीड येसाजीचं. त्याचं तोंड वळलेलं होतं ते नव्या पट्ट्याच्या रोखाने.

"आदी नवा झाक," ती म्हणाली. "नवा दिसतोय तवर तो तिकडंच येनार."

तिने घमेल्यात चिखल भरला आणि नव्या पट्ट्यावर दोन्ही हातांनी फेकायला सुरुवात केली. थापायला वेळ नव्हता. चिखल तिच्या तोंडावर, केसांत उडत होता. कालचा चुना चांगला वाळलेला होता आणि कितीही चिखल मारला तरी मधूनमधून पांढरा डोळा उघडा राहत होता. ती बोटांनी ते डोळे बुजवत गेली. शेवटचा बुजला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. गोदूचा पट्टा अजून काळाच होता.

आता कातळावर एकही खूण नव्हती.

मचव्याचं शीड खाली आलं. येसाजी खुणेशिवाय आत घुसणार नाही हे कोकिळेला माहीत होतं, पण भरतीचं पाणी काही कुणासाठी थांबत नाही. शीड उतरवलं तरी मचवा आतच ढकलला जात होता. खलाशांनी वल्ही टाकली. ते मचवा मागे रेटत होते आणि पाणी त्याला पुढे रेटत होतं. नाळेवर कुणीतरी उभं राहून किनाऱ्याकडे हात करत होतं. ओरडणं ऐकू येत नव्हतं. कोकिळेला वाटलं, आपण पांढरं झाकलं नसतं तर निदान तो एका बाजूला तरी गेला असता. आता तो आंधळाच केला आपण.

ती गोदूपाशी आली. दुसरं सोडण नव्हतं, म्हणून तिने एक शिंपला उचलला. दोघी ओंजळीने पाणी मारत, खरवडत, पुन्हा पाणी मारत राहिल्या. कोकिळेच्या बोटांची सालं निघाली. मग एका जागी चिखलाची खपली मोठी सुटली आणि खालून चुना दिसला. तो पणजापासूनचा थरावर थर होता, नखाने निघणारा नव्हता. एकदा कड सुटल्यावर बाकीची खपली पटापट निघू लागली.

"बाजूला हो," गोदू म्हणाली. "आपुनच आड येतोय."

दोघी पाण्यातून बाजूला झाल्या आणि कातळाला पाठ लावून उभ्या राहिल्या. मचवा थोडा वेळ तसाच हेलकावत होता. मग त्याचं तोंड हळूहळू उत्तरेला वळलं. शीड अर्धं वर चढलं. कोकिळेने डोळे मिटून घेतले आणि गोदूचा हात धरला. गोदूने तो नखं रुतेपर्यंत आवळला. कोकिळेला आतापर्यंत वाटत होतं की आपण एकटीच घाबरलो आहोत.

"आला," गोदू म्हणाली. "आत आला."

कोकिळेने डोळे उघडले. मचवा खाडीच्या शांत पाण्यात होता आणि बाकीची शिडं एकामागून एक त्याच्या मागे, त्याच ओळीत येत होती.

येसाजी मचवा वाळूला लागायच्या आधीच उतरला. मासळीकडे, खलाशांकडे न बघता पाण्यातून सरळ कातळापाशी आला. नव्या पट्ट्यावरून ओला चिखल अजून ओघळत होता. जुना पट्टा पांढरा होता, पण खरवडल्याने जागोजागी विटलेला. त्याने दोन्हींकडे पाहिलं, मग दोघींच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे.

"मधी काहीच दिसत नव्हता," तो म्हणाला. "मंग पांढरा आला. मी धरला कलसाखाली. सुकानू हातात घेतला नि ध्यानात आला, ह्यो जुनाच." त्याने जुन्या पट्ट्यावर हात ठेवला. "चिखल कोनी काडला?"

चटईचं, मास्तरांचं, सगळं कोकिळेच्या ओठावर आलं. पण इतक्या महिन्यांनी हा माणूस आज भरला मचवा घेऊन परत आला होता. ती वाकून हातांवरचा चिखल धुऊ लागली.

"मी," गोदू म्हणाली.

"का?"

"भुई परत आली, भावजी. सरकली व्हती, ती आली जाग्यावर."

कोंबडी खुराड्यात परत आली असं सांगावं इतक्या सरळपणे ती हे म्हणाली. येसाजी तिच्याकडे बघत राहिला. गोदूने मान खाली घातली नाही.

"त्या दिशी तू हितंच व्हतीस," तो म्हणाला.

"व्हय."

"कवापासनं?"

गोदूने हातातलं सोडण पाण्यात टाकून दिलं. "तुमी दोगं मोठमोठ्यानं हसत व्हतात," ती म्हणाली, "तवापासनं."

येसाजी कातळाला टेकून पाण्यातच खाली बसला. रघू काय बोलला होता ते त्याला आठवत असावं, कारण त्याचं तोंड क्षणभर हसण्यासारखं झालं आणि मग वेडंवाकडं झालं. भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता. आता रडला, आणि दोघी बायकांनी त्याला रडू दिलं. मागून आलेली गलबतं वाळूला लागत होती. माणसं मोठ्याने बोलत उतरली आणि कातळापासून चार पावलांवर थबकली.

थोड्या वेळाने तो उठला. त्याने मडक्यात कुंचा बुडवला आणि जिथे जिथे खरवडून काळं दिसत होतं तिथे तिथे चुना भरू लागला.

"खालच्या अंगाला ऱ्हायलाय, भावजी," गोदू म्हणाली आणि मडकं उचलून तिने त्याच्या हाताशी धरलं.

येसाजी वाकला आणि त्याने खालच्या अंगावर कुंचा फिरवला.